दोनशेचा स्टॅम्प

वारसा कर येणार, सरकार अर्धं घर नेणार, अशी आवई उठली तेव्हा बाबारावांनी तडकाफडकी बेसा गावातलं घर एकुलत्या पोराला बक्षीसपत्रानं देऊन टाकलं. दोनशेच्या स्टॅम्पात काम झालं म्हणून गल्लीभर पेढेही वाटले. कर काही आला नाही. पोरगाच गेला, अपघातात. आज तलाठ्यानं वारसांत सुनेचं नाव लिहिलं, नातीचं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "अन् माह्यं?" "बाप पहिल्या वारसांत येत नाही, काकाजी. काकू असत्या तं त्यायचं लागलं असतं." सून मान खाली घालून म्हणाली, "मामाजी, घर विकून मी पोरीले घेऊन माहेरी जाईन." तलाठ्यानं पंचनामा पुढे सरकवला. "पंच म्हणून तुम्हीच सही करा. घरात ज्याचा हिस्सा नाही असा माणूस लागते." बाबारावांनी बक्षीसपत्रावर केली होती तशीच लफ्फेदार सही सवयीनं करून टाकली.