छकुलीचा पंजा

आजोबांच्या वाढदिवसाचं भेटकार्ड घरीच करायचं, असं आईच्या मनाने घेतलं आणि वर्षभराच्या छकुलीचा पंजा निळ्या रंगाने माखून तिने कागदावर दाबला. उमटला तो मात्र एखाद्या तरण्याताठ्या बाईचा भलामोठा पंजा.

"वहिनी, स्वतःचाच हात उमटवलास की गं!" छकुलीची आत्या फिदीफिदी हसली.

आईने आपले हात पाहिले. त्यांना रंगाचा ठिपकाही नव्हता. छकुलीचा पंजा पुसून तिने पुन्हा रंगवला, दाबला. या खेपेला बोटं वाकडी होती आणि तळवा सुरकुत्यांनी भरलेला.

"पुरे आता," म्हणताना आईचा आवाज चिरकला.

"एवढ्यात हात टेकलेस?" म्हणत आत्याने तो इवलासा, निळा ठिबकता पंजा तिसऱ्या कागदावर घट्ट दाबला आणि उचलला.

कागद कोराच होता.