दुसरा डोळा

लेक शिकायला वसतिगृहात गेली आणि तिच्या पाळलेल्या, रंग बदलणाऱ्या सरड्याची उस्तवार आईच्या गळ्यात पडली. आई शिवणकाम करायची. हाताशी कामाचा ढीग, त्यात हा आजारी. पार राखाडी पडला होता, अन्नाला शिवत नव्हता.

भर दुपारी तिने मशीन थांबवलं, लेकीला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि चिमट्यात अळी धरून पिंजऱ्यापुढे बसली. सरड्याचा एक डोळा अळीवर आला. दुसरा तिच्या पाठीमागे, दाराकडे वळला. तिने ते लेकीला सांगितलं.

"त्याचे डोळे वेगवेगळे फिरतात, आई," लेक म्हणाली. "हलणारं काहीतरी बघत असेल. नेम धरताना दोन्ही डोळे एका जागी येतात, तेव्हा हात हलवू नकोस."

आईने वळून पाहिलं. दाराला आतून कडी होती. खोलीत काहीच हलत नव्हतं.

डोळा मात्र सरकत होता. दारापासून कपाटापर्यंत, कपाटापासून मशीनपर्यंत, माणूस दमादमाने चालत यावा तसा.

"खा रे बाबा," ती पुटपुटली. "जीव टांगणीला लावू नकोस."

दोन्ही डोळे एका जागी आले. जीभ सुटली ती तिच्या कानाजवळून गेली आणि परत आली. सरडा चवीने चावू लागला. अंगावर हिरवा रंग चढत गेला.

"खाल्लं का गं?"

चिमट्यात अळी वळवळत होती.

"खाल्लं," आई अगदी हळू म्हणाली. कारण त्याचे दोन्ही डोळे पुन्हा एका जागी आले होते, आता तिच्या खांद्यावर.