अहेरीचा थांबा

"हत्तीले कोण कोण येऊन राह्यले? हात वर करा," बसच्या दारात उभा राहून सुनिल पुन्हा विचारत होता.

टूर त्याची, आणि स्वस्तातली. मोहर्लीचं जंगल, चंद्रपूरची महाकाली, मार्कंड्याचं देऊळ, एवढं भाड्यात. कमलापूरचे हत्ती मात्र वरखर्चात. मोठी बस तिकडं न्यायची नाही, अहेरीहून जीपा करायच्या, ज्यांना यायचं नाही त्यांनी दुपारपर्यंत गावात हिंडावं, असं त्यानं सांगून टाकलं होतं. जीपमध्ये एक जागा उरली होती आणि ती भरल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन नव्हती. हात वर न केलेली बसमध्ये एकच बाई होती, नीलाबाई.

शेजारच्या ज्योत्स्नाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. दोघी एकेकट्या आलेल्या, म्हणून मोहर्लीपासूनच गट्टी जमली होती. चिमूरहून इथवर यायचं आणि हत्ती न बघता परत जायचं, याला काय म्हणावं, असं ज्योत्स्नाबाईचं म्हणणं. नीलाबाईनं गुडघ्यांवर ढकललं. गुडघ्यांना काय धाड भरली होती? आदल्या दिवशी मार्कंड्याला नदीपर्यंत उतरून ती सगळ्यांच्या आधी वर आली होती.

खरी गोष्ट अशी की तिची एकुलती एक लेक दिव्यानी याच अहेरीत राहत होती. दिव्यानीनं अतुलशी लग्न केलं. तो इकडच्या जंगलातल्या गावचा, त्यांचे देव वेगळे, रीतभात वेगळी. तेव्हा नीलाबाई चारचौघांत म्हणून बसली, की तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. बाई मुळातच फटकळ. राग पुढं विरूनही गेला, पण बोललेलं कुठं विरतं? त्यात लेकीच्या घरी बोलावल्याशिवाय जाऊ नये, ही तिच्याकडची रीत. सणासुदीला फोन व्हायचे. जेवलीस का, धान कसं आहे, पाऊस आला का. ये म्हणून मात्र लेक काही म्हणेना.

मग चिमूरच्या चौकात तिला या टूरचा फलक दिसला आणि त्यावर अहेरीचं नाव. झालं. आपण होऊन कुठं जातोय? बस जातेय. बस थांबली तर आपला काय दोष? स्वतःच्या या हुशारीवर बाई बेहद्द खूश होती. थांब्यावरून फोन लावायचा, लेक म्हणेल, मग ये ना घरी. आपण जरा आढेवेढे घ्यायचे आणि मग जायचं. पिशवीत नव्या धानाचे पोहे होते, जावयासाठी शर्टाचं कापड होतं. वाटेत कुणाला तिनं त्या पिशवीला हात लावू दिला नव्हता.

ती खाली उतरली, बसच्या मागं सावलीत गेली आणि फोन लावला. दिव्यानीनं लगेच उचलला. सहज सांगावं तसं नीलाबाईनं सांगितलं, की आमची ट्रिप निघाली आहे, गाडी तुमच्या अहेरीतच उभी आहे, दुपारपर्यंत आहोत. एवढं बोलून ती थांबली. लेकीसाठी जागा ठेवून थांबली.

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"दुपारपर्यंत काऊन थांबली गाडी?" दिव्यानीनं विचारलं.

"लोकायले हत्ती पाह्याचे हायेत म्हणे."

मी जाऊन नाई राह्यली, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य अगदी दातांपर्यंत आलं. पण तसं म्हणणं म्हणजे मला बोलव म्हणणं, आणि तिथंच नीलाबाईची जीभ उचलेना. एरवी गावाला पुरून उरणारी जीभ.

"मंग पाहून घे ना आई हत्ती," दिव्यानी म्हणाली. "पाह्यासारखे हायेत. डोक्यावर पदर घेजो, ऊन लय हाये."

आवाज अगदी गोड होता. रागाचा एक कण नव्हता त्यात, आणि तेच बाईला लागलं. रागानं बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. असं तर परगावच्या कोणत्याही पाहुण्याला सांगतात.

"हाव," नीलाबाई म्हणाली. मग तिनं फोन ठेवला.

तिनं सुनिलला जाऊन सांगितलं, माझं नाव घे. सुनिलचा चेहरा खुलला, त्यानं स्वतः हात धरून तिला जीपमध्ये चढवलं. पिशवी बसमध्येच राहू दे म्हणाला, पण ती तिनं मांडीवर घेतली.

जीप बाजारातून निघाली. दोन्ही बाजूंनी घरं होती. कुठं अंगणात कपडे वाळत होते, कुठं कोणी दारात बसून तांदूळ पाखडत होतं. लेकीचं घर कोणतं ते नीलाबाईला ठाऊक नव्हतं, म्हणून ती प्रत्येक दाराकडं बघत होती. फार एकटं वाटत होतं तिला, इतक्या माणसांच्या दाटीत बसूनही.

"गुडघे दुखत होते ना तुमचे?" ज्योत्स्नाबाईनं चिडवलं.

"लेक राह्यते माही इथी. थेच म्हणे, आई, हत्ती पाहून घे. तिनंच पाठवलं."

ज्योत्स्नाबाईला कौतुक वाटलं. इतक्या मायेची लेक गावात आहे आणि ही बाई एका शब्दानं बोलली नाही म्हणून ती लटकी रागावलीही. मग मान बाहेर काढून तिनं विचारलं, की कोणतं घर त्यांचं?

तोवर घरं संपली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची झाडं लागली होती.

"मागं राह्यलं," नीलाबाई म्हणाली आणि डोक्यावर पदर घेतला.