ओल्या सारवणावरची पावलं

“नव्या दारात तीन दिस पाय बांधून ठेव, येसू. चवथ्या दिसाला सोड. मोकळी फिरणारी हाय ती.”

नवऱ्याच्या दुखण्यासाठी मुंबईला निघालेली चंद्राबाई आगबोटीला जाता जाता आपली तांबडी कोंबडी येसूबाईकडे सोपवून एवढं सांगून गेली होती. आणि येसूबाईनं कोंबडीच्या डोक्यावर हात ठेवून ‘व्हय’ म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी तिनं तांबडीला सोडलीही. तांबडी तडक शेजारच्या मनुबाईच्या पेंढ्यात शिरली आणि अंडं घालून आली. मनुबाईनं ते उचललं, ते येसूबाईनं पाहिलं. पाचव्या दिवशी दोरी पुन्हा पायात गेली. अंगणातल्या खुंट्याशी बांधलेल्या तांबडीजवळ पाटी ठेवली, ती पाटीत अंडी घालू लागली. पहिल्यासारखी ओरडेनाशी झाली. असे दोन महिने गेले.

आज चंद्राबाई परत येणार होती. तुळशीला पाणी घातल्याशिवाय पेजेला न शिवणारी येसूबाई आज तुळशीकडे न बघताच पाणी ओतून आली. दोरी कापली. खुंटा उपटून चुलीत घातला. तांबडीनं झिजवलेलं अंगण शेणानं सारवून घेतलं आणि वाट बघत बसली.

चंद्राबाई डोक्यावरचं बोचकं न उतरवताच अंगणाच्या कडेला थांबली.

“अंडी घालते का गं?”

“रोज घालते.”

“रोज? माज्याकडं मर्जी झाली तर घालायची, म्हाराणी!” चंद्राबाई हसली. “कवा सोडलीस?”

“चवथ्या दिसाला.”

ते खोटं नव्हतं.

“ती ती ती,” करत चंद्राबाईनं कनवटीचे दाणे टाकले. तांबडी धावली आणि मध्येच थबकली. मान लांब केली. एक पाय उचलला, तिथंच ठेवला. मग वळली आणि गोल चालू लागली.

चंद्राबाईनं खाली पाहिलं. ओल्या सारवणावर तांबडीची पावलं उमटली होती. गोल, त्यावर पुन्हा गोल. रिंगणाच्या बाहेर एकही पाऊल नव्हतं.

तिला उचलायला वाकलेली चंद्राबाई तशीच सरळ झाली.

“न्हेऊन काय करू, येसू? माज्या अंगनात खुंटा न्हाय.”

येसूबाईची मान वर होईना. “आणीन मी,” ती म्हणाली. “तिच्या पायानं चालत. तुज्या दारापातुर.”

चंद्राबाई बोचकं सावरून चालू लागली. तिचं घर पार बंदराशी, पाव मैलावर.

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालून झालं. येसूबाईनं पेज झाकून ठेवली आणि मूठभर कणी घेऊन ती अंगणात आली. अंगण आज सारवलं नव्हतं. वाळलेल्या पावलांच्या रिंगणाच्या कडेवर तिनं एक दाणा ठेवला. दुसरा, त्याच्या बोटभर पुढं.