मुंजाजीची हाक

साहेबांनी स्वतःच्या हातानं मुंजाजीला रेशमी पागोटं बांधलं, तसं त्याचं अंग शहारलं. साठ वर्षांत त्याच्या डोक्याला चिंध्यांच्या मुंडाशाखेरीज दुसरं काही ठाऊक नव्हतं.

आडाभोवती दिंद्रुडचं निम्मं गाव गोळा झालं होतं. हैदराबादेहून एवढे बडे साहेब मोटारीतून यायचे, तेही माळावरच्या पाच खोपटांत, ही काय साधी गोष्ट झाली? मोहनराव पाटलांनी अर्जच तसा केला होता. तीन सालं पावसाचा पत्ता नाही, माणसं देशोधडीला लागलेली. पण या पाच घरांनी पाळ्या लावल्या, स्वतःच्या तोंडचं पाणी काढलं आणि माळावरच्या हरणांना पाजलं. शंभरावर मुके जीव जगवले. पाटलांनी मनापासून लिहिलं होतं, साहेबही मनापासूनच सत्काराला आले होते. यात खोटं कुणाचंच नव्हतं, तेच तर वाईट.

मुंजाजीला पागोट्याचं अप्रूप नव्हतं असं नाही. पण त्याचा जीव दुसरीकडंच गुंतला होता. आठ दिवस तो बायकोपुढं, चंद्रभागाबाईपुढं, एकच मागणं घोकत होता. आता त्यानं हात जोडले.

"मायबाप, या हरनांवर कुनी बंदूक उडवायची न्हाई, येवढा हुकूम द्या. दुसरं कायबी नगं."

"देतो की!" साहेब हसले. "पण हरणं आहेत कुठं? दाखवा तरी आम्हाला."

"हाक मारली की येत्यात, साहेब," पाटील कौतुकानं म्हणाले. "मुंजाजीबाबा, मारा की हाक."

मुंजाजीनं आडातून पोहरा ओढला, दगडी डोणीत पाणी ओतलं आणि साद घातली, "या गं बायांनो, याऽऽ!"

माळ तसाच रखरखीत पडलेला. एवढी गर्दी बघून येतात की नाही, अशी त्याला धाकधूक लागली. नाही आली तर हुकूम हातचा जायचा. त्यानं गळा फाडून पुन्हा हाक दिली.

आणि आली की! पुढं पीळदार शिंगांचं काळवीट, मागं माद्या, पाडसं. थबकत, माना उंचावत ती वीस पावलांवर आली. चंद्रभागाबाईच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"बगा, लंगडीबी आली," ती हळूच म्हणाली.

गोळी सुटली तेव्हा मुंजाजीचा हात डोणीतल्या पाण्यातच होता.

काळवीट पुढच्या गुडघ्यांवर बसल्यासारखं झालं आणि आडवं पडलं. बाकीची पळायला हवी होती. पण ती मुंजाजीकडं बघत राहिली. अरे देवा, पळाली असती तर! साहेबांच्या बंदुकीतून दुसरी गोळी सुटली, तिसरी, चौथी. चार जीव पडले, तेव्हा कुठं कळप उधळला.

साहेबांच्या मनात पाप नव्हतं. हरणं समोर बोलावली, हा त्यांना शिकारीचा पाहुणचारच वाटला. त्यांनी मुंजाजीची पाठ थोपटली.

"वाहवा! असा माळ उभ्या मुलखात नाही. तुमच्यासारखे राखणदार गावोगाव पाहिजेत."

दिलेला शब्दही त्यांनी पाळला. मोटारीच्या टपावर कागद ठेवून जागच्या जागी हुकूम लिहिला आणि वाचून दाखवला. आजपासून या माळावर सरकारी पाहुण्यांखेरीज कुणीही बंदूक उडवू नये. राखणदारांनी पाणी चालू ठेवावं.

"पुढच्या महिन्यात पाहुणे घेऊन येतो," जाताना ते म्हणाले.

पाटलांनी तो कागद मुंजाजीच्या हातात दिला. त्यांची मान वर होत नव्हती.

"मला काय ठावं होतं, बाबा..."

मोटार चारही हरणं घेऊन गेली, गाव पांगलं. रक्ताचे डाग उन्हात वाळून काळे पडले. पाचही घरांतली माणसं आपापल्या दारात बसली. डोण मात्र तशीच काठोकाठ भरलेली.

ऊन कलायच्या आधीच हरणं परत आली. तहान का कुणाला सुटली आहे? लंगडी सगळ्यांच्या पुढं होती. मुंजाजी उठला आणि त्यानं दगड उचलला.

चंद्रभागाबाई धावली. तिनं त्याचा हात धरला. "आवं, कावून मारायलाव? तहानलेली हायत ती!"

"मानसाला भ्यायला पायजेत ती," मुंजाजी म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं. "म्याच त्यांची भीती घालिवली. आता म्याच दगडं हानतो."

"आन मंग पानी कुटं पितील?"

त्यानं हात सोडवून घेतला आणि दगड भिरकावला. तो लंगडीच्या पुढ्यात पडला. ती दचकली, पण पळाली नाही. मुंजाजीच्या हातून आजवर तिला वाईट असं काही आलंच नव्हतं. तिनं मान लांब केली आणि तो दगड हुंगला.

चंद्रभागाबाई बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती.

"अशानं न्हाई जायाची ती," ती म्हणाली. "लागंल असं मारा."

आणि पदर खोचून ती स्वतःच दगड उचलायला वाकली.