न कापलेली पानं

"आई, ही पोथी तुम्ही कधी उघडलीच नाहीत?"

पाय मोडून सासूबाई पलंगावर पडल्या, म्हणून देव्हारा आवरायचं माझ्याकडे आलं होतं. कुंकवानं माखलेल्या पोथीची पानं छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेली, न कापलेली होती.

माझं डोकंच फिरलं. माहेरी ओव्या वाचल्याशिवाय मी जेवत नसे. इथं नवी नवरी असताना हीच पोथी हातात घेतली, तर सासूबाईंनी चारचौघांत ओरडून तिच्यावर गोमूत्र शिंपडलं. तेव्हापासून बावीस वर्षं मी देवापुढे हात जोडले नाहीत. आणि सासूबाईंनी पोथीला नुसती फुलं वाहिली!

"सोवळ्यातली आहे ती, खाली ठेव."

मी भाजीची सुरी आणली आणि पानं कापत सुटले.

"मला वाचता कुठं येतं?" त्या ओरडल्या. "तू वाचायला लागली असतीस, तर माझं बिंग फुटलं असतं."

सुरी थांबली, पण राग उतरला नाही. पहिली ओवी मी त्यांच्या अंगावर फेकल्यासारखी वाचली. दुसरीला माहेरची चाल आपोआप आली आणि मी मध्येच थांबून सुरी खाली ठेवली.

"थांबलीस का?" सासूबाई खेकसल्या. "वाच पुढं!"