दादाचं लॉगिन

ऑफिसात नवीन लागलेल्या पोरीने काळ्या स्क्रीनवर आयुष्यातली पहिली कमांड टाकली, 'हू ॲम आय', म्हणजे मी कोण. उत्तरात शेजारच्या टेबलावरच्या सिनियर दादाचं नाव आलं आणि ती खुदकन हसलीच.

"अगं, तुझं लॉगिन यायचंय ना अजून! तोवर माझंच वापर. आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं?" दादा म्हणाला.

मग काय, पोरगी झपाटल्यासारखी शिकत सुटली! सुरुवातीला एखाद्या फोल्डरमध्ये शिरली की बाहेरची वाटच सापडायची नाही, आणि पासवर्ड टाकताना अक्षरं दिसेनात तेव्हा तर तिला वाटलं, कीबोर्डच गेला. पण मग हात असा काही बसला की अडकलेला सर्व्हर असो नाहीतर रोजचा बॅकअप, सगळं तीच करायला लागली. दादा निवांत चहा ढोसत म्हणायचा, "वाघीण आहेस गं!" आणि लॉगिनचं विचारलं की, "येईल गं, कुठे पळून चाललंय?"

नोकरीत कायम करायची वेळ आली, तेव्हा मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "सिस्टीमवर तुझ्या नावाने एकसुद्धा काम दिसत नाही. सगळं यानेच केलंय," त्या तिला म्हणाल्या.

तिने मोठ्या आशेने दादाकडे पाहिलं.



दादाने सुस्कारा सोडला. "शिकवायचा खूप प्रयत्न केला हो मी, मॅडम."